पॉइंटवरचा फिटर

“येऊ दे,” असं पुटपुटत तो दोन्ही तळवे पँटला पुसायचा. प्रत्येक चेंडूआधी. दर शुक्रवारी अबुधाबीजवळच्या मुसफ्फाच्या रेताड मैदानावर पॉइंटला उभा राहणारा हा माणूस तुम्ही पाहिला असता, तर फलंदाजाकडे बघणं सोडून दिलं असतं.

आमच्या जुन्या मॅनेजरनं त्याला गुहागरकडच्या एका स्पर्धेत हेरलं आणि कंपनीच्या टीमसाठी उचलून आणलं. नव्वद साल नुकतंच उलटलं होतं. व्हिसावर ‘क्षेत्ररक्षक’ थोडंच लिहिता येतं? लिहिलं ‘फिटर’. हा आठवडाभर स्टोअरमध्ये बसून पाने-पकडी द्यायचा, परत घ्यायचा. बाहेर उन्हात राबणारे फिटर विचारायचे, “काय जावईबापू, सासरी आज काय बेत?”

“कप,” तो म्हणायचा. आणि शुक्रवारी कप यायचाही.

झेल घेऊन घेऊन त्याची बोटं पार वाकडी झाली होती. चहाचा ग्लास दोन्ही हातांनी धरायचा. मला त्याचा रागही यायचा. “अरे, हाताचं काम शीक की जरा!”

“बोट गेलं तर मला ठेवतील कशाला, भाऊ?”



चाळिशी आली तसे झेल निसटू लागले. त्यातच नवा मॅनेजर आला. त्याला क्रिकेटचा गंध नव्हता. “फिटर है ना? यल्ला, चलो, ये फ्लँज लगाओ.”

फ्लँजचे, म्हणजे पाइपांच्या जोडावरचे बोल्ट समोरासमोरच्या जोडीनं आवळायचे, हे आमच्याकडे पहिल्या महिन्यात कळतं. यानं गोल फिरत एकामागून एक आवळले. पाणी सोडताच जोडातून धार लागली. त्याला जावई म्हणणारे सगळे मान खाली घालून उभे होते.

“खलास. इसका व्हिसा कॅन्सल करो,” मॅनेजर म्हणाला.

मी ऑफिसात कारकून होतो; जायच्या आदल्या दिवशी तो माझ्या टेबलाशी आला. त्याला कुठंतरी काम मिळावं म्हणून मी सर्टिफिकेटवर ‘बारा वर्षं अनुभवी फिटर’ असं टाइप केलं होतं. त्यानं ते सावकाश वाचलं.

“हे खोटं आहे, भाऊ. पॉइंटला उभा होता, एवढं लिहा ना.”

“लेटरहेडवर असलं लिहिता येत नाही रे.”

येत होतं. एक ओळ तर होती. पण मॅनेजर सही करताना काय म्हणेल, याची मला भीती वाटली. आजही त्या भीतीची लाज वाटते.

त्यानं कागदाची घडी केली, स्टोअरच्या किल्ल्या माझ्यापुढे ठेवल्या आणि “येतो” म्हणून निघून गेला.