लाल तेलाची बाटली

महाळुंग्याच्या त्या अपघाताला बरीच वर्षं झाली, पण तपासाचा एकेक दिवस मला अजून जसाच्या तसा आठवतो. कुणाचं नाव घेणार नाही. माणसं अजून इथेच राहतात.

दुपारी पहिली शिफ्ट सुटत होती. कंपनीच्या फाटकासमोर एका जुन्या गाडीचा ब्रेक लागला नाही आणि रस्ता ओलांडणाऱ्या एका कामगार मुलीला धडक बसली. मुलगी परभणीकडची, भावासोबत चाकणला खोली घेऊन राहणारी. तिच्या मांडीचं हाड मोडलं. गाडी चालवणारा तरुण पळाला नाही. त्यानंच तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं आणि मग स्वतःहून आमच्या पोलीस ठाण्यात आला.

त्याचा जबाब सरळ होता. "पेडल पार खाली बसलं, साहेब. दोन दिवस गाडी ओढल्यासारखी वाटत होती. आठवड्यापूर्वीच इथल्या गॅरेजमध्ये गिअरबॉक्सचं आणि पॉवर स्टेअरिंगचं तेल बदललं होतं."

आरटीओच्या निरीक्षकांनी गाडी तपासली. ब्रेकच्या डबीत स्टेअरिंगचं लाल तेल मिसळलेलं होतं आणि त्यानं आतले रबर फुगून निकामी झाले होते. त्याच संध्याकाळी ठाण्यात फोन आला. बोलणाऱ्यानं नाव सांगितलं नाही. "तो गॅरेजवाला सगळीकडे एकच तेल ओततो," एवढं म्हणून त्यानं फोन ठेवला. तो कोण होता, ते शेवटपर्यंत कळलं नाही. आमच्या हवालदारांनी मान डोलावली. "झालं की साहेब. माणूस घावला." खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं होतं.

गॅरेजवाला चाळिशीतला, लातूरकडून आलेला. गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड. त्याला चौकशीला बोलावलं. सलग तीन दिवस तो सकाळी येऊन बाकावर बसायचा. समोरच्या बाकावर त्या मुलीचा भाऊ बसलेला असायचा. तो नुसता याच्याकडे बघत राहायचा. गॅरेजवाल्याची मान वर होत नव्हती. मान खाली घालणारा माणूस गुन्हेगारच असतो, असं नव्या पोलिसाला वाटतं. मी नवा नव्हतो, तरी मीही दोन दिवस तेच धरून बसलो.

तिसऱ्या दिवशी मी प्रश्न बदलला. "तू काय चुकलास ते राहू दे. गाडी आल्यापासून जाईपर्यंत काय काय केलंस, ते सांग."

त्यानं पहिल्यांदा वर पाहिलं. "गाडी सपाट जागेवर घेतली साहेब. आधी गिअरबॉक्सचा वरचा नट ढिला केला, जिथनं तेल भरतेत तो. मग खालचा उघडला."

"वरचा आधी कशाला?"

"जुनी गाडी हाय. वरचा नट गंजून बसला आन् खालनं तेल आधीच सोडून दिलं, तर नवं भरायचं कुठनं? गिऱ्हाईकाची गाडी जागीच अडकती."

मी लिहिता लिहिता थांबलो. इतका पुढचा विचार करणारा माणूस सगळीकडे एकच तेल ओतेल?

तो सांगत राहिला. स्टेअरिंगच्या डबीतलं काळं तेल पिचकारीनं ओढलं, नवं भरलं, इंजिन चालू करून स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवलं, पुन्हा ओढलं, पुन्हा भरलं. लाल रंग स्वच्छ दिसेपर्यंत. "आन् उरलेलं तेल बाटलीसकट डिकीत ठेवलं. त्यांनी विकत घेतलेलं, त्यांचं त्यांना."

मी पंचनामा काढून पाहिला. डिकीतल्या वस्तूंच्या यादीत बाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी निगडी प्राधिकरणात त्या तरुणाच्या घरी गेलो. दार वडिलांनी उघडलं. कारखान्यात फिटर म्हणून आयुष्य काढलेले, सत्तरी ओलांडलेले. गाडी त्यांनीच घेतलेली. अजून रोज पुसायचे. बाटलीचं विचारताच त्यांनी पोर्चमधल्या फळीवरून ती काढून दिली. रिकामी होती.

"यातलं तेल काय झालं, काका?"

"वापरलं की. ब्रेकच्या डबीत कमी दिसलं, मी भर टाकली. मुलाला कुठे वेळ असतो?" त्यांच्या आवाजात कौतुक होतं, स्वतःच्या हाताचं.

मी बाटली त्यांच्या हातात परत दिली. "यावर काय लिहिलंय, वाचता का?"

त्यांनी ती लांब धरली, जवळ धरली, उजेडात नेली. एका डोळ्यात मोतीबिंदू होता, ऑपरेशन पुढे ढकललेलं. शेवटी मुलानंच ती बारीक अक्षरं वाचली, 'पॉवर स्टेअरिंग ऑईल', आणि त्याचा चेहरा उतरला. म्हातारे पायरीवर बसले.

"म्हणजे ती मुलगी... माझ्यामुळे?"

मुलगा मला बाजूला घेऊन म्हणाला, "साहेब, यांचं नाव लिहू नका. मीच टाकलं असं लिहा. मी सही करतो."

"गप्प बस," वडील पायरीवरूनच म्हणाले. "तिकडे तो माणूस तीन दिवस माझ्या चुकीचं ऐकून घेतोय."

कपडे बदलून ते माझ्यासोबतच ठाण्यात आले. गॅरेजवाल्याला आणि मुलीच्या भावाला मी बोलावून घेतलं. गॅरेजवाल्यापुढे त्यांनी हात जोडले, तेव्हा त्यानं घाईनं ते हात धरले. "काका, असं नका करू. बाटलीवर मोठ्या अक्षरात मीच लिहून द्यायला पाहिजे होतं." मुलीचा भाऊ उठून बाहेर गेला. थोड्या वेळानं तो पाण्याचा ग्लास घेऊन आला आणि त्यानं तो गॅरेजवाल्यासमोर ठेवला.

त्यानंतर म्हातारे दवाखान्यात गेले, तेव्हा मीही हजर होतो. पाय वर बांधलेली ती मुलगी त्यांचं सगळं ऐकून म्हणाली, "माझा पाय बरा होईल बाबा. तुम्ही आधी डोळे दाखवा."

घडलं ते जसंच्या तसं मी कोर्टापुढे ठेवलं. शिक्षा किती द्यायची, हे ठरवणं माझं काम नव्हतं. गॅरेजवाल्याविरुद्ध काहीही नाही, असं कागदावर स्वच्छ लिहिलं.

पण महिनाभरानं त्या रस्त्यानं जाताना पाहिलं, तर त्याच्या शेडसमोर एकही गाडी नव्हती. लोकांनी त्याला ठाण्यात जाताना पाहिलं होतं. माझा कागद कुणी वाचला नव्हता. त्याला तीन दिवस बाकावर बसवणारा मीच.

पुढच्या रविवारी मी माझी स्वतःची जुनी गाडी घेऊन तिथे गेलो, मुद्दाम वर्दीत. गिअरबॉक्सचं तेल बदलायला सांगितलं आणि शेडच्या बाहेर, रस्त्याला तोंड करून, खुर्ची टाकून बसलो. काम तासाभराचं होतं. मी दुपारपर्यंत उठलो नाही. येणारे-जाणारे बघत होते आणि मला तेच हवं होतं.

आम्ही माणसाला ठाण्यात बोलावतो तेव्हा सगळा गाव बघतो. सोडतो तेव्हा तो एकटाच फाटकाबाहेर पडतो. त्या रविवारनंतर मी नोकरीत असेपर्यंत एक गोष्ट पाळली: निर्दोष निघालेल्या माणसाला मी त्याच्या दारापर्यंत स्वतः सोडायला जायचो, भर दिवसा.