शटर ओढून निवडलेला दिवा
कागलच्या रस्त्यावर सायकलचं दुकान असलेल्या म्हाताऱ्या मिस्त्रींमुळे मी आज धडधाकट आहे, हे आधी सांगतो. पंक्चरच्या सोल्युशनचा वास आला की ती दुपार आठवते. नववीतून शाळा सोडून मी नांदेडकडून इथं एमआयडीसीत आलो होतो आणि दुसऱ्या दिवसापासून रात्रपाळी लागणार होती. खोलीपासून कारखान्यापर्यंत नुसता अंधार, त्यात समोरून उसाच्या ट्रॉल्या. भीतीपोटी मी दुकानातला सगळ्यात झगझगीत दिवा उचलला आणि माझ्या सायकलवर सरळ समोर रोखून बसवा म्हणालो. “पावणं, जरा थांबा की,” म्हणत मिस्त्रींनी भर दुपारी शटर खाली ओढलं, मला भिंतीशी उभं केलं आणि तोच दिवा लावून सायकल माझ्याकडे ढकलत आणली. मला पांढऱ्या उजेडाशिवाय काही दिसेना. “मी कुठल्या अंगाला हाय?” त्यांनी विचारलं. मी बोट दाखवलं, ते नेमकं चुकीच्या बाजूला. “तुमी आता ट्रॅक्टरवालं. घातला न्हवं ट्रॅक्टर माझ्या अंगावर?” मग त्यांनी पसरट उजेडाचा दुसरा दिवा काढला, खाली जुन्या ट्यूबचा तुकडा घातला आणि त्याचं तोंड रस्त्याकडे झुकवलं. “खड्डा तुमाला दिसूदे, तुमी त्येला दिसूदे. झालं की!” दुसऱ्या रात्री समोरची पहिलीच ट्रॉली मला बघून कडेला सरकली. आता मिस्त्रींना मोतीबिंदू झालाय, पण दुकान कोण बघणार म्हणून ते ऑपरेशन पुढं ढकलतायत. सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्याकडूनच पंक्चर काढायला शिकतोय. नीट हात बसला, की रजा टाकून ते शटर मी उघडणार आणि त्यांना दवाखान्यात धाडणार.