लंकाबाईंची मे महिन्यातली परीक्षा

भांडण ऐकायला मी काही गेले नव्हते. गच्चीवर कुरडया घालत होते. खाली ओट्यावर दोन माणसं तावातावाने बोलत असली, तर मी काय कानात बोळे घालायचे?

"नाशकात माझ्या साडूचा चार मजली दवाखाना आहे," आमचे शेजारी यादवराव म्हणत होते. पिंपळगावात कांद्याचा व्यापार, त्यामुळे घरातही लिलावाचाच आवाज. "स्नेहल सुटीत तिथं राहील, मशिनी बघेल. तुम्ही तिला कळवणकडे खेड्यात धाडता? बकऱ्या राखायला?"

"मशिनी कशाला, यात्रेतला पाळणा दाखवा की," लंकाबाई म्हणाल्या. "पोरीला डॉक्टर व्हायचंय ना?"

"मग माझंही ऐका. ह्या मेमध्ये ती रडली, की डॉक्टरकीचं नाव बंद. दहावीनंतर कॉमर्स, आणि माझी गादी सांभाळायची."

त्यांची लेक स्नेहल दारातच उभी होती, तोंड एवढंसं करून. साल सत्त्याण्णव.

लंकाबाई म्हणजे सरकारी दवाखान्यातून रिटायर झालेल्या नर्स. डॉक्टर व्हायचं म्हणणारी गावातली पोरं सुटी लागायच्या आधी त्यांच्याकडे यायची. सुटीत कुणी कुठं जायचं, ते बाई ठरवायच्या. त्यांची परीक्षा एकच. गल्लीच्या टोकाला कुसाबाई म्हातारी राहायची. "तिला रात्री झोप लागली का, विचारून ये." बहुतेक पोरं पाच मिनिटांत परत. "लागली म्हणे." त्यांची सुटी मेडिकलच्या दुकानात खोकी लावण्यात जायची. स्नेहल दीड तासानं आली. म्हातारीच्या उशाची भिंत दिवसभर उन्हानं तापते, म्हणून झोप येत नाही, हे शोधून खाट दुसऱ्या भिंतीला लावून आली होती. लंकाबाईंनी शाबासकी दिली नाही. आपल्या हाताखाली तयार झालेल्या, कळवणकडच्या त्या खेड्यातल्या तानुबाई नर्सला तेवढी चिठ्ठी लिहिली.

पोरगी तिकडे गेली. चौथ्याच दिवशी त्या गावात लसीकरण. यादीत अठरा बाळं, आली पाच. तारीख वरून ठरून आलेली, आणि ती नेमकी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी! तानुबाई कपाळाला हात लावून बसल्या. स्नेहलनं एसटीडीवरून बापाला सांगितलं, आणि बोलता बोलता रडू फुटलं. यादवराव म्हणाले, "गाडी घेऊन येतो."

फोन ठेवून येताना तिला निंबाखाली झोके दिसले. झोक्यांवर लेकुरवाळ्या बाया, गाणी, हसणं. ती पळत तानुबाईंकडे गेली. "बाई, यादीतल्या सुना बाळं घेऊन माहेरी गेल्यात. आणि ह्या गावच्या लेकी माहेरी आल्यात, त्यांचीही बाळं आहेत! ती आपल्या यादीत नाहीत."

मग काय, लसीची पेटी झोक्याखालीच नेली. कोण कुणाची, सासर कोणतं, आधीची लस कधी, सगळं स्नेहलनं विचारून लिहिलं. तिकडच्या नर्सला दाखवायला प्रत्येकीला चिठ्ठी दिली. बाळंही तीच धरत होती. सुई टोचली की बाळ रडायचं, आणि बाळासोबत हीसुद्धा. पण हात एकदाही ढिला सोडला नाही.

यादवराव पोहोचले तर हे दृश्य.

"रडतेस ना? चल गाडीत."

"बाबा, अजून नऊ राहिलीत. हे धरा जरा." आणि एक गुटगुटीत पोर तिनं त्यांच्या मांडीवर ठेवलं.

यादवराव एकटेच परत आले. थेट लंकाबाईंच्या ओट्यावर, मांडीवरचा डाग दाखवत.

"तुमच्या पेशंटनं माझ्या सफारीवर सही केली."

"कोरी राहिली असती तर मी बोलले असते," बाई म्हणाल्या. "आणि रडण्याचं काय ठरलं होतं?"

"रडली," यादवराव म्हणाले. "पण मला रिकामं बसू दिलं नाही तिनं. घे म्हणावं सायन्स."

स्नेहल डॉक्टर झाली. पुढं दर वर्षी यादवरावच इतरांची पोरं घेऊन लंकाबाईंच्या दारात यायचे, आणि आपणच शोध लावल्यासारखं कुसाबाईचं घर दाखवायचे. म्हातारी गेल्यावर लंकाबाईंनी दुसरी म्हातारी हेरली. म्हाताऱ्यांना आपल्याकडे तोटा नाही.

दोन हजार सातच्या मेमध्ये मीना नावाची पोरगी बाईंच्या परीक्षेत पास झाली. लंकाबाईंचा तो शेवटचा मे, पंधरवड्यात त्या झोपेतच गेल्या. पण मीना निघाली त्या दिवशी गुडघे धरत जीपच्या अड्ड्यावर गेल्या, मीनाला खिडकीची जागा मिळवून दिली, चिठ्ठी तिच्या मुठीत कोंबली, ड्रायव्हरला "घाटात हळू हाक रे" म्हणून दम भरला, आणि जीप वळणाआड होईस्तोवर उन्हात उभ्या राहिल्या.