नऊशे एकोणनव्वद, बारा, पस्तीस

माझ्या बाबांची रोज सकाळी नऊ वाजता परीक्षा असायची. बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, होमिओपॅथीचे डॉक्टर. मनीषनगरातल्या आमच्या घराची पुढची खोली म्हणजे त्यांचा दवाखाना. परीक्षा घ्यायचा त्यांचा कॉम्प्युटर. तो माझ्या लग्नाच्या आधीपासून त्या खोलीत आहे आणि माझ्या बायकोच्या मते घरात माझ्यापेक्षा जास्त भाव खातो.

तो किती जुना, हे असं समजा. आजचा कॉम्प्युटर आपल्या पोटात कोणती हार्ड डिस्क बसवली आहे ते आपलं आपण ओळखतो. याला ते सांगावं लागे. सिलिंडर किती, हेड किती, सेक्टर किती, असे तीन आकडे निळ्या पडद्यावर टाइप करायचे. बरोबर निघाले तर गाडी पुढे सरकणार, एक जरी चुकला तर 'डिस्कच नाही' म्हणून तो हात वर करणार. एकदा दिलेले आकडे लक्षात राहावेत म्हणून आत एक छोटी बॅटरी असते. ती केव्हाच मेली होती. त्यामुळे रात्री बंद केलेला कॉम्प्युटर सकाळी सगळं विसरून उठायचा आणि बाबांनी त्याला सांगायचं: नऊशे एकोणनव्वद, बारा, पस्तीस.

मी रामदासपेठेतल्या एका ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळायची नोकरी करतो. मेलेली बॅटरी घरात असणं म्हणजे माझ्यासाठी अब्रूचा प्रश्न. पण बाबा हात लावू देत नव्हते, आणि त्याला कारण होती स्कूटर.

झालं असं होतं, की बाबा एकदा रामदासपेठेत एका डॉक्टर मित्राला भेटायला स्कूटरनं गेले आणि ऑटोनं परत आले. संध्याकाळी अंगणात स्कूटर दिसेना, तेव्हा त्यांनी चोरीची तक्रार दिली. शेजारच्या दुकानदाराच्या पोरावर संशयही घेतला, कारण तो म्हणे बरेच दिवस स्कूटरकडे बघत होता. तिसऱ्या दिवशी मित्राचा फोन आला, की तुझी गाडी माझ्या फाटकात उभी आहे, किल्लीसकट, आता मला माझी कार बाहेर काढू दे. बाबा दुकानदाराकडे जाऊन हात जोडून आले. घरी आल्यावर त्यांनी कॉम्प्युटरवर चिकटवलेला आकड्यांचा कागद टरकन फाडला आणि आम्हाला सांगितलं, "ज्या दिवशी हे तीन आकडे मले पहिल्या झटक्यात आठवणार नाही, त्या दिवशी दवाखान्याले कुलूप. समजलं?"

बाबांच्या गोळ्यांवर माझा विश्वास कधीच नव्हता. माझ्या मते त्या सगळ्या सारख्याच गोड. त्यात कॉम्प्युटरवरचा औषध सुचवणारा प्रोग्रॅम पेशंटविषयी जे काही विचारायला लावायचा, ते ऐकून माझं डोकं फिरायचं. बाबा गुडघेदुखीच्या माणसाला गंभीरपणे विचारत, "स्वप्नात साप येते का गा? वीज कडाडली का भेव वाटते?" आणि तो माणूस त्याहून गंभीरपणे सांगे, की साप नाही येत, पण सासरे येतात. बाबा प्रोग्रॅममध्ये सासरे शोधत बसत.

पण बाबांची एक गोष्ट मी मानत आलो. आपल्या गोळ्या कुठे चालणार नाहीत, हे त्यांना पेशंट दारातून आत येतानाच कळायचं. "हे माझं काम नाही, आत्ताच्या आत्ता रामदासपेठेत मोठ्या दवाखान्यात जा," असं म्हणून त्यांनी कितीतरी लोकांना खुर्चीत टेकूही न देता पिटाळलं होतं आणि त्यातले बरेच त्यामुळेच वाचले होते. मोहल्ल्यातले लोक खरं तर याच भरवशावर येत. डॉक्टरसाहेबांनी गोळ्या दिल्या म्हणजे काही गंभीर नाही, जा घरी, जेव, झोप.

म्हणून ती परीक्षा. आणि ती सगळ्यांना ठाऊक होती. नऊ वाजता बाकावर बसलेले पेशंट आपलं दुखणं विसरून बाबांच्या पाठीकडे बघत राहायचे. सांधेदुखीवाल्या एक काकू मोठ्यानं म्हणायच्या, "माझ्या नातीचा रोल नंबर नऊशे एकोणनव्वद आहे नं." दुसरा कोणीतरी विनाकारण विचारायचा, "आता बारा पस्तीसची गाडी असते का हो?" बाबांनी हे कॉपीचं प्रकरण ओळखलं आणि परीक्षा संपेपर्यंत सगळ्यांना अंगणात उभं करायला सुरुवात केली. पडदा पुढे सरकला, की बाबा दार उघडून मान हलवायचे आणि अंगणात सुटकेचा श्वास पसरायचा. एक माणूस तर फक्त निकाल ऐकायला यायचा आणि घरी जायचा.

एप्रिलात हार्ड डिस्क आवाज करायला लागली, अडकित्त्यात सुपारी कातरल्यासारखा. मी म्हटलं, आता बदलावीच लागेल. इतवारीतल्या एका भंगारवाल्याकडून जुन्या पद्धतीची एक धडधाकट डिस्क शोधून आणली आणि रविवारी दवाखान्यात मांडामांड केली. जुन्या डिस्कवर बाबांचे सगळे पेशंट होते. ते नव्या डिस्कवर न्यायचे होते, पण जुनी डिस्क थोडी तापली की मान टाकायची. नागपुरात एप्रिलात न तापणारी वस्तू कुठून आणणार? मी तिला कूलरसमोर ठेवलं. तेवढ्यानं भागेना. मी पाणी प्यायला उठलो तेवढ्यात आईनं ती पिशवीत गुंडाळून, रबर लावून, फ्रीजमध्ये दह्याशेजारी ठेवून दिली. मी बोंबललो. पण बाहेर काढून जोडली तर वीस मिनिटं ती एखाद्या शहाण्या पोरीसारखी चालली. मग दिवसभर तेच. वीस मिनिटं काम, अर्धा तास फ्रीज. दुपारपर्यंत बातमी पसरली आणि रविवार असूनही पेशंट तब्येत विचारायला आले. "शुद्धीवर आहे का?" "सलाईन लावलं का?" सांधेदुखीवाल्या काकूंनी तिच्यासाठी ताक आणलं. ते मी प्यायलो.

संध्याकाळी पेशंट सगळे शाबूत निघाले. पण मेलेल्या बॅटरीतून काहीतरी गळून जुना बोर्ड हिरवा पडत चालला होता. मी आणखी थोडा शहाणपणा केला आणि त्याच डब्यात जरा नंतरच्या काळातला बोर्ड बसवला. हा डिस्क आपली आपण ओळखायचा. सोमवारी सकाळी बाबांनी बटण दाबलं आणि कॉम्प्युटर काही न विचारता सरळ सुरू झाला.

"यानं मले विचारलं काहून नाही?"

"आता त्याची गरज नाही बाबा."

"त्याले नसन. मले आहे."

मी खूप समजावलं. बाबा खुर्चीत बसायलाच तयार होईनात. अंगणात पेशंट ताटकळलेले. शेवटी बाबा म्हणाले, "मंग तू विचारायले लाव. आकडा चुकला त मशीन तिथंच थांबली पाहिजे. पहिल्याच झटक्यात. लावतो का?" मी हो म्हटलं आणि हुबेहूब तसाच निळा पडदा दाखवणारा एक छोटा प्रोग्रॅम लिहून दिला. बाबांनी आधी मुद्दाम चुकीचे आकडे टाकून पाहिले, मशीन थांबली, तेव्हा त्यांचं समाधान झालं. तेव्हापासून परीक्षक मीच होतो म्हणा ना.

दोन महिने सुरळीत गेले. मग एके दिवशी आई मला स्वयंपाकघरात ओढत घेऊन गेली. आज बाबांची बोटं बराच वेळ हवेतच थांबली होती, हे तिनं दाराच्या फटीतून पाहिलं होतं. "आठवले त्यांले, पण लय वेळानं. उद्या नाही आठवले त? दिवाळीत चार दिवस दवाखाना बंद राहते, त माझे सगळे डबे उचकून ठेवतात. घरी बसले त हा माणूस संपन गा. तू काहीतरी कर."

"आई, मी त्यांना शब्द दिलाय."

"मले नको सांगू शब्द. तुले येते का नाही येत, तेवढं सांग."

येत होतं, तीच तर पंचाईत. प्रोग्रॅममध्ये एक ओळ होती, आकडे चुकले तर थांब. ती मी काढून टाकली. दोन मिनिटांचं काम. मला वाईटही वाटलं नाही, उलट आपण फार मोठं पुण्य केलं असं वाटत होतं. गोळ्या काय, सगळ्या सारख्याच गोड, असं मी स्वतःला सांगितलं. बाबा गंभीर पेशंट ओळखून पिटाळतात, हे माहीत असून सांगितलं.

तीनेक आठवड्यांनी, एका गुरुवारी, बाबांनी मला ऑफिसला निघताना दवाखान्यात बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"सोमवारी मले आकडे आठवले नाही," ते म्हणाले. "अंदाजानं टाकले. सुरू झाला. वाटलं, बोटांले आठवत असन. मंगळवारी तिन्ही जागी शून्य टाकलं. सुरू झाला. काल तुझं जन्माचं साल टाकलं, तुझ्या आईचं टाकलं अन् आपला कुत्रा मेला ते साल टाकलं. तरी सुरू झाला."

आईचं नाव तोंडावर आलं होतं, ते गिळलं, इतपत लाज शिल्लक होती.

"तीन दिवस मी पेशंट तपासून राहिलो. कोणाच्या भरवशावर?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "मंगळवारी समजलं होतं मले. तरी बुधवारी बसलो. मलेही बसावंसं वाटलं."

ते उठले, दार उघडलं आणि अंगणातल्या लोकांना सांगितलं, "मी नापास झालो. दवाखाना बंद." कोणीतरी विचारलं, "उद्या किती वाजता उघडते मंग?" बाबांनी त्याच्यासमोर कुलूप लावलं.

तीन दिवसांत अकरा पेशंट झाले होते. बाबा म्हणाले, अकराही जणांकडे जायचं. मी रजा टाकली आणि गाडी काढली. दहा जण मनीषनगरात आणि आसपास. बाबा प्रत्येक घरी जाऊन म्हणायचे, "तुम्हाले गोळ्या दिल्या तेव्हा माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. बाटली परत द्या, दुसऱ्या डॉक्टरले दाखवा." लोक पोहे पुढे करायचे. बाटली सहजी कोणी देईना, कारण सगळ्यांना आराम पडला होता. एकानं बाटली बनियनच्या आत लपवली. सासऱ्यांची स्वप्नं पडणारा म्हणाला, "डॉक्टरसाहेब, सोमवारपासून सासरे आले नाहीत हो, आता कशाले परत बोलावता?" बाबा भडकले, "आराम पडला म्हणून काय झालं!" दहा घरं, दहा वेळा पोहे आणि चार बाटल्या, एवढी आमची कमाई.

अकरावा पेशंट खाप्याचा, भाजीची वाडी करणारा, साठीतला माणूस. मनीषनगरात मुलीकडे आला होता, तेव्हा सोमवारी छातीत जळजळ म्हणून बाबांकडे आला आणि गोळ्या घेऊन गावी परतला. आम्ही पोचलो तर ओसरीत बसून कांदे निवडत होता. "फार बरं आहे," म्हणाला. बाबांनी दारातूनच त्याच्याकडे पाहिलं आणि पुढे गेलेच नाहीत. मला म्हणाले, "गाडी बंद नको करू."

"काय झालं बाबा?"

"हे माझं काम नाही. याले आत्ताच्या आत्ता रामदासपेठेत ने."

त्याच्या बायकोला आणि त्याला मागे बसवून मी जशी गाडी हाणली, तशी आयुष्यात कधी हाणली नाही. तिथं त्याला तपासलं आणि लगेच दाखल करून घेतलं. हृदयाचंच होतं. आणखी दोन दिवस गोळ्यांच्या भरवशावर राहिला असता तर कठीण होतं, असं तिथल्या डॉक्टरांनी मला सांगितलं. आता तो बरा आहे. पण ते वाक्य ऐकून मी तिथल्या पायरीवर बसलो. मी काढलेली एक ओळ. दोन मिनिटांचं काम.

परतताना मी बाबांना म्हटलं, "आज तुम्हाला बरोबर कळलं."

"अन् सोमवारी नाही समजलं. कोणत्या दिवशी समजन अन् कोणत्या दिवशी नाही, हे पेशंटनं कसं ओळखावं?"

मी म्हटलं, "मला भीती वाटली बाबा. तुम्ही घरी बसाल याची."

"मी मशीनले काहून विचारत होतो मंग?" ते समोर बघत म्हणाले. "मशीनले मुलाहिजा नसते. घरची माणसं सांगत नसतात. जन्मभर हेच पाह्यलं मी. पेशंटले सोडून सगळ्याइले माहीत राहते."

मी गाडी घराकडे वळवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर ते माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "विचार." तेव्हापासून मी रोज विचारतो. आज वार कोणता, काल भाजी काय होती, वीज केव्हा गेली. पंधरा दिवस त्यांचं सगळं बरोबर आलं. काल मी विचारलं, परवा आपल्याकडे कोण आलं होतं? बाबा म्हणाले, "कोणीच नाही." माझी मोठी बहीण अमरावतीहून येऊन दिवसभर त्यांच्याच शेजारी बसून गेली होती.

आई ओट्यापाशी उभी राहून मला डोळ्यांनी विनवत होती. मी तिच्याकडे पाहिलं नाही.

"बाबा, चुकलं," मी म्हटलं. "ताई आली होती."

बाबांनी पुढे वाकून माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "शाब्बास."