मामाला शिकवलेला कायदा

बोईसरला एका बेकरीच्या वरच्या खोलीत आमचं मोफत कायदा-माहिती केंद्र आहे. केंद्र म्हणजे दोन टेबलं, एक कुरकुरणारा पंखा आणि पत्रकांचा स्टँड. हिरवी पत्रकं पर्यावरणाची, पिवळी कामगारांची, गुलाबी घरातल्या हक्कांची. सरावलीच्या कारखान्यांतले कामगार जिना चढून येतात, ‘मॅडम, सेठ ग्लव्हज नहीं देता’ अशी सुरुवात करतात आणि पिवळं पत्रक घडी घालून खिशात ठेवतात. गुलाबी पत्रक बायका उभ्या उभ्याच वाचतात आणि परत जागेवर ठेवतात, कारण ते घरी नेण्याची सोय नसते. हिरव्याला कोणी हात लावत नसे. म्हणून माझा मामा ते मागायला आला, तेव्हा मला आभाळ ठेंगणं झालं.

मामा म्हणजे आईचा मोठा भाऊ, तिचा दादा. वडील गेल्यावर आई मला घेऊन माहेरी आली, घिवलीच्या बाजूच्या आमच्या मासेमारांच्या गावात, आणि तिथलीच झाली. मीही तिथंच वाढले. लग्न होऊन सालवडला आले तरी माझ्या तोंडी ‘आमचं गाव’ म्हणजे तेच. समुद्राला लागून तिथं एक मोकळी जागा आहे. गावच्या बायका तिथं बांबू उभे करून दोऱ्या बांधतात आणि बोंबील वाळत घालतात. आईचं सगळं त्या जागेवर चालायचं.

शेजारी एका कंपनीला रसायनांच्या टाक्या उभारायच्या होत्या आणि त्यांचा रस्ता नेमका त्या जागेतून जाणार होता. त्यासाठी जनसुनावणी लागणार होती.

आमच्या गावाची एक रीत आहे. गावाबाहेरच्या माणसांपुढे बोलायचं तर सगळ्या गावाचं मिळून एकच तोंड. देवीसमोर एकाच्या हातात नारळ देतात आणि मग तो बोलेल ते गाव बोललं. त्याच्यामध्ये कोणी तोंड घालत नाही. नारळ मामाला मिळाला. मिळणारच होता, बोलण्यात त्याचा हात धरणारा गावात कोणी नाही.

मी सुट्टीच्या दिवशी जाऊन त्याला शिकवायला लागले. ओट्यावर तो जाळं सांधत बसायचा, आई बाजूला कोलंबी सोलायची.

“नोटीस वेलेत नाय लागली तर काय होतं गो?”

“मग सुनावणी परत घ्या असं सांगता येतं, मामा. आणि ती उशिराच लागलीय.”

“नि तो प्रकल्पाचा मराठीतला सारांश?”

“तो ग्रामपंचायतीत हवा. आपल्याकडे आलाच नाही. हे ठासून सांगायचं.”

“बोलायचा हक्क कोणाला?”

“हजर असलेल्या प्रत्येकाला. पण सुनावणी मुळात इथल्या लोकांसाठी असते, बाहेरच्यांनी लेखी द्यायचं.”

तो प्रत्येक गोष्ट परत म्हणून दाखवायचा. ‘बाहेरच्यांनी लेखी’ हे तर दोनदा म्हणाला. असा विद्यार्थी मला केंद्रात कधी मिळाला नव्हता. घरी येऊन मी नवऱ्याला सांगायची, बघच तू, मामा साहेबांची बोलती बंद करतो की नाही.

सुनावणीला शाळेच्या मैदानात मांडव घातला होता. कंपनीची माणसं थंड सरबत वाटत होती. बायका एका बाजूला बसल्या होत्या, आईही त्यांच्यात होती. मामा इस्त्रीचा सदरा घालून उठला.

“नोटीस आमाला वेलेत मिलाली. मराठी सारांश ग्रामपंचायतीत होता, तो आमी गावात वाचून दाखवला. सगल्यांना समजला. गावाची काय हरकत नाय.”

मला आधी वाटलं, घाबरून चुकतोय. मग लक्षात आलं की काहीच चुकत नाही. मी दाखवलेली एकूण एक फट तो बुजवत चालला होता, आणि तीही मी शिकवलेल्या क्रमाने. का, ते नंतर कळलं: त्याच्या मुलाचे डंपर रस्त्याच्या भरावाच्या कामाला लागणार होते. हे गावात बऱ्याच जणांना ठाऊक होतं, मला सोडून.

मी उभी राहिले आणि म्हणाले, हे खोटं आहे. मामाने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तो अधिकाऱ्यांना म्हणाला, “सायेब, ती इथली नाय. लगीन होऊन सालवडला गेली. बाहेरच्यांनी लेखी द्यायचं असतं ना?”

माझा हिरवा कागद माझ्याच तोंडावर मारला त्याने. हजर असलेल्या प्रत्येकाला बोलता येतं, असं मी ओरडून सांगत होते. अधिकारी दमलेला होता, त्याला लवकर आवरायचं होतं. तो बायकांकडे वळला आणि म्हणाला, “काय हो, ही तुमच्या गावची आहे का?”

यांच्यासोबत मी बांबू रोवले होते, यांची पोरं खेळवली होती. एकीनेही मान वर केली नाही. नारळ दिलेला होता. आईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि मांडवाच्या खांबाकडे बघत राहिली.

“लेखी द्या,” अधिकारी म्हणाला. मी दिलं. ते कुठल्या फाइलीत गेलं देव जाणे.

मामाचा मला संताप आला, अजून येतो, त्याचं तोंड बघायची इच्छा नाही. पण आईचं लागलं. तिने ‘हो’ एवढंच म्हणायचं होतं.

आता त्या जागेला पत्रे मारलेत. बायका रस्त्याच्या कडेला बोंबील वाळवतात आणि डंपर गेला की बोंबलांवर लाल धूळ बसते. तसला माल कोणी घेत नाही. परवा आईचा फोन आला.

“अगो, कायद्यात काय बसतं काय बघ ना. असं कसं जगायचं आमी?”

मी स्टँडवरचं हिरवं पत्रक काढलं. तक्रार करता येते, कशी करायची, कुठे द्यायची, सगळं नीट सांगितलं. ते माझं कामच आहे. शेवटी म्हणाले, “लिहून मी देते आई. पण मी तिथली नाही. पहिली सही तुझी पाहिजे.”

मला तो मांडव आठवला.

मग ती म्हणाली, “दादाला इचारून सांगते.”