आप्पांच्या खुर्चीजवळचे डाग

गेल्या महिन्यात एका दुपारी गणिताचा क्लास घेऊन घरी आले, तर हॉलमध्ये फिनेलचा उग्र वास. आप्पा, म्हणजे माझे सासरे, खुर्चीत अगदी ताठ बसलेले. पायाखाली गालिच्यावर पेपर अंथरलेला...

पेपर उचलला, तर खाली चहाचा ताटलीएवढा ओला डाग. त्यावर बाथरूमचा ब्रश खसाखसा घासलेला, लोकर पिंजून वर आलेली.

"कप कलंडला जरा," आप्पा म्हणाले. माझ्याकडे न बघता.

खरं सांगते, आधी गालिच्यासाठीच जीव हळहळला. राजारामपुरीतल्या या फ्लॅटमध्ये राहायला आलो तेव्हा फिकट बदामी रंगाचा तो गालिचा आम्ही हौसेनं घेतला होता... सगळे नको नको म्हणत असताना! पण आप्पांचा चेहरा पार पडला होता.

जुना सुती पंचा घेतला आणि डागावर दाबून दाबून चहा टिपून घेतला. घासायचं नाही, घासलं की डाग आत मुरतो, हे आईनं शिकवलेलं. मग गार पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे थेंब टाकून फडक्यानं हळूहळू पुसत गेले... कडेकडून मधे. डाग फिकट व्हायला लागला.

खालची फरशी ओली राहू नये म्हणून गालिच्याची कड उचलली. आणि तिथेच थांबले.

सोफ्याखाली सरकवलेल्या भागात आणखी डाग होते. एक चहाचा, एक हळदीचा पिवळा, बहुतेक आमटीचा. सगळे घासून घासून फिकट केलेले. म्हणजे आप्पा गालिचा थोडा थोडा सोफ्याखाली ढकलत होते, आणि आमच्या कुणाच्या ते लक्षातच आलं नव्हतं.

मग एकेक आठवायला लागलं. हल्ली आप्पा ताट घेऊन आपल्या खोलीत जेवायला बसायचे. पाहुणे आले की "मला नको चहा, अॅसिडिटी होते" म्हणायचे. चहावर जीव असलेला माणूस...

हातातलं फडकं ठेवलं. "आप्पा, हात दाखवा बघू."

"काय न्हाय गं. वय झालं की आता," असं म्हणत त्यांनी हात मांडीखाली घेतला.

मी तिथेच खाली बसून राहिले. शेवटी त्यांनी हात पुढे केला. बोटं बारीक थरथरत होती.

"दादाला असंच झालतं," ते हळूच म्हणाले. दादा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ. त्यांना कंपवात होता. शेवटी शेवटी त्यांना घास भरवावा लागायचा आणि आप्पाच तो भरवायचे. "तुम्हा पोरांना सांगून काय करू? तुम्हाला घोर नुसता."

नवरा कागलच्या एमआयडीसीत ड्युटीवर होता. त्याला फोनवर सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी रजा टाकून तोच आम्हाला डॉक्टरांकडे घेऊन गेला.

डॉक्टरांनी आप्पांना दोन्ही हात समोर धरायला लावले आणि पंजांवर एक कोरा कागद ठेवला. कागद फडफडायला लागला. आप्पांनी डोळेच मिटून घेतले. मी नवऱ्याचा दंड घट्ट धरला होता.

मग डॉक्टर विचारत गेल्या. वजन कमी झालंय का? घाम येतो? छातीत धडधडतं? आप्पा प्रत्येक प्रश्नाला मान डोलवत होते, आणि मला पहिल्यांदाच त्यांचा शर्ट खांद्यावरून उतरलेला दिसला. रोज तोच शर्ट मी इस्त्रीला देते...

"थायरॉईड वाढलेलं वाटतंय. रक्त तपासू, मग बोलू," डॉक्टर म्हणाल्या. रिपोर्ट येईपर्यंत वर्गात माझी गणितं चुकत होती. मुलंच सांगायची, "मॅडम, चिन्ह चुकलं."

रिपोर्ट घेऊन गेलो तेव्हा आप्पा आत यायलाच तयार नव्हते. बाहेरच्या बाकावर बसून राहिले. दादांच्या आजाराचं आम्ही डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टर उठून स्वतः बाहेर आल्या आणि त्यांच्याशेजारी बसल्या. "काका, तुमच्या भावाचा आजार तुम्हाला नाही. हे थायरॉईडच आहे. गोळ्या घ्या, हळूहळू थरथर कमी होईल."

आप्पांनी परत विचारलं, "नक्की?" त्यांनी परत सांगितलं. मग आप्पांनी रुमाल काढून तोंडावर धरला तो कितीतरी वेळ काढलाच नाही...

आता गोळ्या सुरू आहेत. फरक सावकाश पडेल, तपासण्याही करत राहायच्या आहेत. काळजी पूर्ण संपलेली नाही.

पण आज सकाळी निपाणीच्या आत्यांचा, म्हणजे आप्पांच्या थोरल्या बहिणीचा, फोन आला होता. आप्पा गॅलरीत उभे राहून, शेजारच्या बिल्डिंगलाही ऐकू जाईल अशा आवाजात सांगत होते, "व्हय अक्का, हात थरथरतोय की! थायरॉईड हाय म्हणं. गोळी चालू हाय. तू बी तपासून घे की एकदा!"

मी किचनमध्ये पोळ्या लाटता लाटता थांबले. इतके दिवस त्यांनी एकट्यानं उरात दाबून ठेवलेलं आज गल्लीभर ऐकू जात होतं... आणि मला रडू आलं. बरं वाटल्यामुळे.