ऊर्मीताईंची भरलेली टाकी

ऊर्मीताईंना बोट घ्यायची हुक्की आली ती पन्नाशी उलटल्यावर. आधी त्या परदेशात, राहत्या एटोबिको शहरातल्या कम्युनिटी सेंटरमध्ये शाळकरी पोरांच्या रांगेत उभ्या राहून पोहायला शिकल्या. मग परीक्षा देऊन बोट चालवायचं कार्ड मिळवलं आणि एका म्हाताऱ्याकडून जुनी मोटरबोट घेतली. नागपूरच्या बाईला पाण्याचं एवढं वेड कुठून लागलं, देव जाणे! नवरा पुष्कर मात्र पाण्याला टरकून असायचा. त्याला एकदा तरी घराजवळच्या मोठ्या तळ्यावरून आपलं हे नवं शहर दाखवायचं, एवढीच ताईंची इच्छा होती.

कित्येक वर्षांच्या मनधरणीनंतर यंदा जूनमध्ये तो बोटीत बसला. किनारा मागे पडला आणि इंजिन गचके खात बंद पडलं. दुसऱ्या बोटीनं ओढून आणेपर्यंत बिचारा कठडा घट्ट धरून बसला होता. घरी आल्यावर एवढंच म्हणाला, "आता मला आग्रह करू नकोस." त्यानं आरडाओरडा केला असता तर परवडलं असतं. त्यानंतर बोटीचा विषय निघाला की तो उठूनच जाई.

यामागची ताईंची चूक मात्र अस्सल नागपुरी होती. उन्हाळ्यात गावाला जाताना माठ रिकामा करून पालथा घालायचा, हे ताईंच्या अंगवळणी पडलेलं. म्हणून मागच्या हिवाळ्याआधी त्यांनी बोटीच्या टाकीतलं पेट्रोल मोठ्या हौसेनं उपसून काढलं. पण टाकी काही पालथी घालता येत नाही. थंडीत रिकाम्या टाकीला आतून घाम सुटला, ते पाणी तळाशी साचलं आणि नव्या पेट्रोलमध्ये गेलं. मेकॅनिकनं हे सांगितलं तेव्हा ताईंनी एकही सबब पुढे केली नाही. कान पकडले आणि सगळं नीट शिकून घेतलं.

ऑक्टोबरात हिवाळ्यासाठी बोट पाण्याबाहेर काढायचा दिवस आला. पुष्कर फक्त गाडी चालवायला आला होता, कॉफी घेऊन धक्क्यावरच थांबला. ताईंनी टाकीत आधी पेट्रोल टिकवणारं औषध ओतलं. मग बोटी लावायच्या मरिनाच्या पंपावर टाकी जवळजवळ गळ्याशी भरली, पेट्रोल फुगायला थोडी जागा ठेवली. पाणी अडवणारा फिल्टर बदलला, सांडलेला थेंबही पुसून घेतला. बघत राहावं असं काम!

"झालं का?" पुष्करनं विचारलं.

"नाही रे, एक राउंड मारावा लागेल. औषधाचं पेट्रोल इंजिनपर्यंत पोचलं नाही तर सगळं वेस्ट." ताईंनी हात पुसले. "आणि ऐक. जूनमध्ये इंजिन बंद पडलं ते माझ्यामुळे. टाकी मीच रिकामी ठेवली होती. सॉरी."

"मला वाटलं, बोटच भंगार आहे."

"बोट चांगली आहे. चुकले मी."

पुष्करनं उरलेली कॉफी संपवली. लाइफजॅकेट चढवलं, बक्कल ओढून पाहिलं. "एवढ्या वाऱ्यात एकटी जाऊ नकोस," असं पुटपुटत तो बोटीत उतरला. ताईंनी धक्क्याचा दोर सोडला.

इंजिन पहिल्या फटक्यात सुरू झालं. धक्का दूर गेला तशी ताईंनी मान वळवली. पुष्कर पाण्याकडे नाही, त्यांच्याकडे बघत होता.

"भीती वाटतेय?"

"प्रचंड," तो म्हणाला. "तू चालव."